हयातीचा दाखला

दर वर्षी नोव्हेंबर उजाडला की देशभरातल्या बँकांपुढे वृद्धांच्या रांगा लागतात. निवृत्तिवेतन चालू राहायचे असेल तर आपण जिवंत आहोत हे कागदावर सिद्ध करावे लागते. त्या कागदाला मराठीत ‘हयातीचा दाखला’ म्हणतात. २०१४ पासून तो बोटाच्या ठशावरून संगणकीय पद्धतीनेही देता येतो, पण मूळ व्यवहार तोच आहे. समोर बसलेला माणूस जिवंत असल्याचे कारकुनाला दिसत असते, तरी दाखल्याशिवाय ते खरे धरले जात नाही. जन्मदाखला एकदा काढला की आयुष्यभर पुरतो. हयातीचा दाखला मात्र पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, आणि एखाद्या वर्षी तो द्यायचा राहिला तर पैसे थांबतात.

आपल्या टेबलावरच्या संगणकाचा गेल्या पंचवीस वर्षांतला प्रवास या पहिल्या दाखल्याकडून दुसऱ्याकडे झालेला आहे. संगणक ज्या मूळ सॉफ्टवेअरवर चालतो, त्या ऑपरेटिंग सिस्टीमची प्रत अस्सल आहे हे ग्राहकाने कंपनीला कळवायचे आणि कंपनीने ‘ठीक आहे, वापरा’ असे म्हणायचे, या क्रियेला ॲक्टिव्हेशन म्हणतात. आरंभी ती एकदाच करायची होती. पुढे तिचे स्वरूप बदलत गेले, आणि तो बदल वापरणाऱ्याला विचारून झाला नाही. हा इतिहास तांत्रिक वाटतो म्हणून साहित्याच्या वाचकांपर्यंत सहसा येत नाही. पण आपण सगळे आता याच यंत्रांवर लिहितो, तेव्हा तो आपलाही इतिहास आहे.

त्याची सुरुवात एका पत्राने होते. ३ फेब्रुवारी १९७६ या तारखेचे हे पत्र बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी मंडळींना उद्देशून लिहिले. गेट्स तेव्हा वीस वर्षांचे होते. ‘ऑल्टेअर’ नावाच्या छोट्या संगणकासाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बेसिक ही भाषा तयार केली होती आणि ती छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर विकली जात होती. त्यांची तक्रार अशी की ऑल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतली आहे. ती तयार करताना वापरलेल्या संगणकाच्या वेळेचीच किंमत ४०,००० डॉलरच्या वर जाते, आणि मिळालेल्या मानधनाचा हिशेब केला तर तासाला दोन डॉलरही पडत नाहीत. दुसरीकडे कॅलिफोर्नियातल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबमध्ये याच फितीच्या प्रती वाटल्या जात होत्या. अट एकच होती: एक नेणाऱ्याने पुढच्या बैठकीला दोन आणून द्याव्यात.

या वादात दोन्ही बाजूंकडे काही खरे होते. श्रमाचा मोबदला मागण्यात गैर काही नव्हते. ज्ञान हातोहात द्यायचे असते, ही क्लबातल्या मंडळींची समजूतही कोत्या मनातून आलेली नव्हती. मात्र दोघांच्याही डोळ्यांपुढे एक गोष्ट नव्हती. प्रत मोफत घेणारा आणि पैसे मोजणारा हे दोन वेगळे लोक आहेत, आणि पुढच्या काळात जी कुलुपे तयार होणार होती ती सगळी दुसऱ्याच्या दारावर बसणार होती.

१९८०च्या दशकातली कुलुपे फ्लॉपीत होती. १९८३ साली आलेले लोटस १-२-३ हे हिशेबाचे पॅकेज हार्डडिस्कवर भरले तरी सुरू करताना मूळ फ्लॉपी खाचेत घालावी लागे. फ्लॉपी खराब झाली की पैसे भरूनही काम अडे. मग संरक्षित फ्लॉपीची प्रत काढून देणारी पॅकेजेच बाजारात विकली जाऊ लागली, आणि ती घेणाऱ्यांत विकत घेतलेल्या मालाची राखीव प्रत हवी असलेले साधे ग्राहकही होते. मोठ्या कार्यालयांनी कुरकुर केल्यावर दशक संपेपर्यंत अनेक कंपन्यांनी ही पद्धत सोडून दिली.

दुसरे कुलूप होते हार्डवेअर लॉक. नव्वदच्या दशकात भारतीय भाषांत छपाईचे काम ज्यांनी केले, त्यांना ते सांगायला नको. मराठी डीटीपीची पॅकेजे घेतली की डब्यात एक बोटभर लांबीचे प्लॅस्टिकचे खोके येई. ते संगणकाच्या मागे, प्रिंटरची तार जिथे लावतात तिथे बसवायचे. ते नसेल तर अक्षरे उमटत नसत. दिवाळी अंकाच्या घाईत दोन संगणकांवर एकच लॉक आळीपाळीने लावून काम उरकलेले लोक अजून भेटतील. ते लॉक हरवले की पॅकेजही गेल्यात जमा होते.

हा त्रास खरा होता, पण त्याला एक मर्यादा होती. फ्लॉपी असो वा लॉक, ते त्या खोलीतच राहत असे. आपण काय छापतो, किती वाजता छापतो, संगणक कोणता, याची खबर त्या खोलीबाहेर कुणाला लागत नव्हती. कुलूप आपल्यावर अविश्वास दाखवत होते, पण आपल्याविषयी कुणाला काही सांगत नव्हते.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ९५ मध्ये तर नुसती किल्लीच होती. सीडीच्या वेष्टनावर छापलेला क्रमांक टाईप करायचा. दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रतीच्या क्रमांकात आधी तीन आणि मग सात आकडे असत, आणि त्या सात आकड्यांच्या बेरजेला सातने भाग गेला की संगणक समाधानी होई. सात वेळा एक लिहिले तरी बेरीज सात येते, त्यामुळे सगळे एकच आकडे टाकूनही काम भागत असे. ही नावापुरती तपासणी होती, आणि ती ग्राहकाच्या घरातच सुरू होऊन तिथेच संपत होती.

इंटरनेट घराघरात पोचू लागले आणि कुलूप बोलू लागले. १९९९ हे त्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष. जानेवारीत इंटेलने जाहीर केले की पेंटियम ३ या नव्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक नगाचा वेगळा अनुक्रमांक असेल आणि तो सॉफ्टवेअरला वाचता येईल. खासगीपणासाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थांनी बहिष्काराची हाक दिली. इंटेलने तो क्रमांक सुरुवातीला बंद ठेवण्याचे कबूल केले, आणि पुढच्या वर्षी नव्या प्रोसेसरांतून तो वगळण्याचे ठरवले. मार्चमध्ये रिचर्ड स्मिथ या मॅसॅच्युसेट्समधल्या प्रोग्रॅमरने दाखवून दिले की विंडोज ९८ची नोंदणी करताना ग्राहकाने ‘माझ्या संगणकाची माहिती पाठवू नका’ असे सांगितले तरी त्या संगणकाची ओळख पटवणारा क्रमांक कंपनीकडे जात होता. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की ऑफिस ९७ मध्ये तयार केलेल्या दस्तऐवजांच्या पोटात तो दस्तऐवज ज्या यंत्रावर जन्मला त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक लपलेला असे. मायक्रोसॉफ्टने नोंदणीतल्या प्रकाराला चूक म्हटले, दुरुस्ती देऊ केली आणि अशा तऱ्हेने जमा झालेली माहिती पुसण्याचे आश्वासन दिले.

त्याच महिन्याच्या अखेरीस ‘मेलिसा’ नावाचा विषाणू ईमेलमधून जगभर पसरला आणि त्याच्या कर्त्याच्या शोधात याच लपलेल्या क्रमांकाचा माग काढण्याचा प्रयत्न झाला. गुन्हेगार शोधायला असा क्रमांक कामाचा आहे, हे कुणीही मान्य करील. पण तो क्रमांक फक्त विषाणूच्या फाइलीत नव्हता. कार्यालयातल्या गैरव्यवहाराविषयी कुणी निनावी पत्र लिहिले असेल, टोपणनावाने कुणी कविता पाठवली असेल, तर त्या फाइलीतही तो होताच.

या पार्श्वभूमीवर २५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी विक्रीला आली. घरगुती ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशन सक्तीचे करणारी ती पहिली विंडोज. स्थापना केल्यापासून ३० दिवसांची मुदत होती. तेवढ्यात इंटरनेटवरून किंवा फोनवरून ॲक्टिव्हेशन केले नाही तर संगणकात प्रवेशच मिळत नसे. फोनचा मार्ग निवडला तर पडद्यावरचा ५० आकड्यांचा क्रमांक वाचून दाखवायचा आणि पलीकडून सांगितला जाणारा ४२ आकड्यांचा क्रमांक न चुकता टाईप करायचा. ज्या देशांत तेव्हा घरी फोन होता पण इंटरनेट नव्हते, किंवा असले तरी मिनिटामिनिटाला बिल वाढत होते, तिथे हा फोनचाच मार्ग उरत होता.

लोकांना भीती वाटत होती ती या ५० आकड्यांत काय दडले आहे याची. उत्तर कंपनीकडून येण्याची वाट न पाहता बर्लिनच्या ‘फुली लायसेन्स्ड’ या छोट्या कंपनीने जुलै २००१ मध्ये, एक्सपी बाजारात येण्यापूर्वीच, तिच्या चाचणी-आवृत्तीतली ॲक्टिव्हेशनची यंत्रणा उलगडून आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यात निघालेले निष्कर्ष टीकाकारांना अपेक्षित नव्हते. संगणकातल्या दहा घटकांची नोंद घेतली जात होती. त्यांत हार्डडिस्क, नेटवर्क कार्ड, सीडी ड्राइव्ह, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, रॅम वगैरे होते. पण प्रत्येक घटकाची खरी ओळख गणिती चाळणीतून काढून तिचा अगदी छोटा तुकडा ठेवला जात होता, कुठे तीन बिटे तर कुठे फार तर दहा. दहा बिटे म्हणजे हजारभर शक्यता. जगात नेटवर्क कार्डे कोट्यवधी आणि खण हजारच, त्यामुळे खणाच्या नंबरावरून कार्ड ओळखणे शक्य नव्हते. एखाद्याचा पूर्ण पत्ता न लिहिता पिनकोडाचे शेवटचे तीन आकडे तेवढे लिहून ठेवावेत, तसा हा प्रकार होता. नाव, गाव, ईमेल यांची तर गरजच नव्हती. नोंदणी वेगळी आणि ऐच्छिक होती.

इतिहास लिहिताना हे मान्य करायला हवे. २००१चे ॲक्टिव्हेशन खासगीपणाच्या बाबतीत १९९९च्या नोंदणीपेक्षा बरेच संयमी होते. लोकांच्या ओरड्याचा तो परिणाम असावा. एकदा पटवायचे आणि विसरून जायचे, असा तो जन्मदाखला होता.

तरीही वापरणाऱ्यांची चिडचिड झाली, आणि तिला कारणे होती. संगणक म्हणजे न बदलणारी वस्तू, असे या यंत्रणेने गृहीत धरले होते. दोन-तीन भाग बदलले तर चालत असे. त्याहून जास्त बदलले की ‘हे वेगळेच यंत्र आहे’ असा समज होऊन पुन्हा ॲक्टिव्हेशन मागितले जाई. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, इथून सुटे भाग घेऊन जोडलेले संगणक ज्यांनी वापरले, त्यांना यातली मेख लगेच कळेल. आपल्याकडे विजेच्या चढउताराने मदरबोर्ड जळतो, मग तो बदलतात, त्याच्यासोबत प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते. डिस्क मात्र जुनीच ठेवतात, कारण तिच्यात सगळे काम असते. दुरुस्त करून वापरणे हा आपला स्वभाव, आणि नेमकी दुरुस्तीच इथे संशयास्पद ठरत होती.

ज्याला नक्कलच वापरायची होती त्याला मात्र यातले काहीच भोगावे लागले नाही. मोठ्या कंपन्यांना हजारो संगणकांवर एकेक करून ॲक्टिव्हेशन करणे जाचक होईल म्हणून त्यांच्यासाठी अशी किल्ली होती जिला ॲक्टिव्हेशन लागतच नव्हते. तशी एक किल्ली एक्सपी दुकानात येण्याआधीच फुटली आणि जगभरच्या सीडींवर स्केचपेनने लिहिली गेली. सप्टेंबर २००२ च्या सर्व्हिस पॅकमध्ये ती अडवली गेली, तोवर इतर वाटा निघाल्या होत्या. सुटे भाग जोडून देणारा दुकानदार ‘विंडोज टाकून’ देई, आणि घेणाऱ्याला आपली प्रत कोणती हे पुष्कळदा माहीतही नसे. त्यामुळे दारात थांबून ५० आकडे वाचून दाखवण्याची वेळ ज्याने पूर्ण किंमत मोजली होती त्याच्यावरच येत होती.

इथे एका शेजारच्या प्रकरणाची आठवण उपयोगी पडते. अमेरिकेत प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टर्बोटॅक्स या पॅकेजाला इंट्यूट कंपनीने २००२च्या करवर्षासाठी ॲक्टिव्हेशन लावले. ग्राहक चिडले, खटले गुदरले गेले, आणि मे २००३ मध्ये कंपनीने ते मागे घेतले. करासाठी दुसरे पॅकेज घेण्याची सोय ग्राहकाला होती. ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाबतीत बहुतेकांना ती नव्हती, कारण कार्यालयातली, छापखान्यातली, शाळेतली सगळी सॉफ्टवेअरे त्याच एका सिस्टीमवर चालत होती. पर्याय नसेल तिथे ग्राहकाची नाराजी नुसती नाराजीच राहते.

जन्मदाखल्याचा हयातीचा दाखला झाला तो २००५-०६ मध्ये. जुलै २००५ पासून मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज जेन्युइन ॲडव्हांटेज’ ही तपासणी सक्तीची केली. कंपनीकडून काही उतरवून घ्यायचे तर आधी आपली प्रत अस्सल असल्याचे पुन्हा सिद्ध करायचे, मग ती चार वर्षांपूर्वी ॲक्टिव्हेट झालेली का असेना. एप्रिल २००६ मध्ये याच योजनेचा पुढचा भाग आला: प्रत अस्सल वाटली नाही तर पडद्यावर वारंवार सूचना देणारा प्रोग्रॅम. तो अनेक संगणकांवर आला तो सुरक्षेच्या दुरुस्त्या ज्या मार्गाने येतात त्याच मार्गाने, आणि ‘अत्यावश्यक’ असा शिक्का घेऊन. जूनमध्ये उघड झाले की हा प्रोग्रॅम रोज कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधतो, आणि हे ग्राहकाला स्पष्टपणे सांगितलेले नव्हते. कंपनीचे म्हणणे असे की प्रोग्रॅम अजून चाचणीच्या अवस्थेत आहे आणि काही बिघडले तर तो दुरून थांबवता यावा म्हणून ही सोय आहे. आधी रोजच्या ऐवजी दर १४ दिवसांनी असे ठरले, आणि महिनाअखेरीस आलेल्या अंतिम आवृत्तीतून ती रोजची चौकशी काढून टाकण्यात आली.

या रोजच्या संपर्कातून काही फार नाजूक माहिती गेल्याचा पुरावा नाही. प्रश्न माहितीच्या वजनाचा नव्हता. सुरक्षेची दुरुस्ती ही लसीसारखी असते. लस टोचायला आलेल्या माणसाने त्याच फेरीत घरात कोण कोण राहते याची नोंदही करायला सुरुवात केली, तर पुढच्या वेळी लोक दार उघडणार नाहीत, आणि मग साथ पसरेल. ज्या मार्गावर लोकांनी डोळे झाकून विश्वास ठेवावा असे कंपनीच सांगत होती, तोच मार्ग तिने आपल्या हिशेबासाठी वापरला. २००१ मध्ये मोजून मापून कमावलेला विश्वास असा खर्ची पडला.

जून २००६ मध्येच सिएटलच्या फेडरल न्यायालयात सामूहिक खटल्यासाठी दावा दाखल झाला. तो काही वर्षे रेंगाळला आणि ग्राहकांच्या हाती काही न पडता संपला. पण वाटेत, २००९ मध्ये, न्यायालयाने एक मत नोंदवले जे लक्षात ठेवण्यासारखे आहे. संगणकाचा आयपी पत्ता ही व्यक्तीची ओळख पटवणारी माहिती नाही, कारण तो संगणक ओळखतो, माणूस ओळखत नाही. ज्या घरात एका संगणकाभोवती पाच माणसे बसतात तिथे हे खरे असेल. पण ज्या संगणकावर एकटा माणूस रोज रात्री लिहीत बसतो, तिथे यंत्र आणि माणूस यांत हा फरक किती उरतो?

दाखला मागणाऱ्याचेच दप्तर बिघडले तर काय होते, हे २४ ऑगस्ट २००७ रोजी दिसले. मायक्रोसॉफ्टमध्ये चाचणीसाठी असलेला कोड चुकून प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरांवर गेला. पुढचे सुमारे १९ तास तपासणीला आलेल्या अस्सल प्रतींना ‘नकली’ ठरवले गेले. व्हिस्टावर चालणाऱ्या अशा संगणकांवरच्या काही सोयी आपोआप बंद झाल्या. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे १२,००० हून कमी संगणकांना याचा फटका बसला आणि पुन्हा तपासणी केल्यावर ते पूर्ववत झाले. संख्या लहान होती. पण ज्यांनी पैसे भरले होते, ज्यांच्याकडे पावती होती, ज्यांच्या यंत्रात काहीच बिघाड नव्हता, ते एका दुपारी नकली ठरले आणि त्यांनी काय करायला हवे होते याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. जिवंत माणसाचे नाव मृतांच्या यादीत गेल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. ही त्यातलीच एक होती.

त्यानंतर काही काळ कंपनीने पाऊल मागे घेतले. व्हिस्टाच्या पहिल्या आवृत्तीत ॲक्टिव्हेशन न केल्यास फक्त ब्राउझर, तोही तासभर, एवढीच मुभा उरत असे. २००८ च्या सर्व्हिस पॅकने ते कलम काढले आणि त्याजागी सूचनांचा मारा ठेवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एक्सपीच्या संशयित प्रतींचा पडदा दर तासाला काळा करणारी सुधारणा आली तेव्हा चीनमध्ये मोठा गदारोळ झाला. तिथल्या टीकाकारांचा मुद्दा केवळ चोरीचे समर्थन करणारा नव्हता. माझ्या घरातल्या यंत्राच्या पडद्याचा रंग परदेशातल्या कंपनीने माझ्या परवानगीविना का बदलावा, असा तो होता.

हा दोष एकाच कंपनीचा मानण्याचे कारण नाही. १२ नोव्हेंबर २०२० रोजी ॲपलचा एक सर्व्हर मंदावला आणि जगभरच्या मॅक संगणकांवर साधे प्रोग्रॅमही उघडेनासे झाले. तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले की प्रोग्रॅम उघडताना संगणक त्याच्या कर्त्याचे प्रमाणपत्र चालू आहे की नाही, हे दूरच्या सर्व्हरला विचारत असतो. हेतू सुरक्षेचा होता. टीका झाल्यावर या तपासणीत आयपी पत्ते नोंदवणे थांबवल्याचे ॲपलने जाहीर केले. म्हणजे तोपर्यंत ते नोंदवले जात होते.

आपल्या देशातला कायदा या प्रश्नाकडे कसा पाहतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम हा साहित्यकृतीतच मोडतो, ही गोष्ट साहित्यिकांना गंमतीची वाटेल. नकली प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षे कैदेची तरतूद त्यात १९९४ च्या दुरुस्तीने आली. प्रत कायदेशीरपणे घेणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत काढण्याची मुभाही त्यात आहे. २०१२ च्या दुरुस्तीने, कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे गुन्हा ठरवले. पण त्याच कलमात, ६५ अ मध्ये, अपवादांची एक यादी आहे, आणि त्यातला एक अपवाद असा की वापरणाऱ्याची ओळख पटवण्यासाठी किंवा त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी बसवलेले तांत्रिक उपाय टाळण्याकरता आवश्यक ते करण्यास हे कलम आड येत नाही. कुलूप आणि पाळत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भारतीय कायद्याने इतक्या स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले आहे. त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे त्या १९ तासांच्या गोंधळाला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. तारखांचा हा योगायोग आहे, पण दोन्ही प्रसंगांत विचारलेला प्रश्न जवळचा आहे: माझी ओळख कुणी, किती वेळा आणि कशासाठी मागावी?

दरम्यान ॲक्टिव्हेशनचा त्रास जवळपास संपला आहे, आणि हीच काळजीची बाब आहे. आता ५० आकडे वाचावे लागत नाहीत. २०१५ च्या विंडोज १० पासून परवाना यंत्राशी डिजिटल पद्धतीने बांधला जातो आणि ग्राहकाच्या खात्याशी जोडता येतो. २०२१ च्या विंडोज ११ च्या घरगुती आवृत्तीला पहिल्या मांडणीसाठी इंटरनेट आणि कंपनीचे खाते दोन्ही लागतात. २००१ मध्ये नाव सांगायची गरज नव्हती. वीस वर्षांनी नाव सांगितल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि ते इतके सहज होते की कुणाला खटकत नाही. रांग संपली, कारण दाखला आपोआप जाऊ लागला.

दुसरी वाट ज्यांनी धरली त्यांचाही उल्लेख हवा. एक्सपी येण्याच्या तीन महिने आधी, जुलै २००१ मध्ये, तिरुवनंतपुरमला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची सुरुवात झाली. पुढे केरळने आपल्या शाळांतले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. ज्या सिस्टीमची प्रत काढणे हाच हक्क आहे, तिला अस्सलपणा सिद्ध करावा लागत नाही. हा मार्ग सर्वांना सोयीचा नाही, विशेषतः जुन्या पॅकेजांत अडकलेल्यांना. पण तो आहे, आणि एका राज्याने तो चालून दाखवला आहे.

जुन्या पॅकेजांचा मुद्दा आपल्या भाषांसाठी जिव्हाळ्याचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी, साधारण १९९० ते २००५ या काळात, मराठी, तमिळ, बांगला, कन्नड अशा आपल्या भाषांतले कितीतरी लेखन त्या त्या पॅकेजच्या स्वतःच्या फॉन्टांत टाईप झाले. नियतकालिकांचे अंक, कोशांची टिपणे, लेखकांचे खर्डे अशा फाइलींत पडून आहेत. काहींसाठी रूपांतरक मिळतात. पण फाइल मुळात जशी होती तशी उघडायची तर जुने पॅकेज हवे, त्याचे हार्डवेअर लॉक हवे, ते चालवणारी जुनी विंडोज हवी, आणि ती एक्सपी असेल तर ३० दिवसांच्या आत तिचे ॲक्टिव्हेशन हवे.

एक्सपी आणताना मायक्रोसॉफ्टने म्हटले होते की तिचे आयुष्य संपेल तेव्हा ॲक्टिव्हेशनची अट काढून टाकणारी सुधारणा आम्ही बहुधा देऊ. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीची देखभाल थांबली. तशी सुधारणा आली नाही. ‘बहुधा’ या शब्दावर खटला भरता येत नाही.

कागदावरचे हस्तलिखित वाळवीने खाल्ले तर आपण हळहळतो. त्याला निदान वाचण्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती. पुढच्या पिढीतला एखादा संपादक जुनी डिस्क हातात घेऊन बसेल तेव्हा त्याच्यापुढे फाइल असेल, यंत्र असेल, वेळही असेल. फक्त दाखला देणारे दप्तर तोवर उघडे आहे की नाही, हे त्याला आधी पाहावे लागेल.